रंगीत अजगरांचा बाजार : मालाबरोबर मागही विकला जातो

गेल्या हिवाळ्यात भिवंडीच्या आमच्या गाळ्यावर शेजारच्या घरातील एक मुलगा आला. वडिलांचे आठ माग होते, ते भंगारात गेले. मुलगा शिकलेला आहे, पण रिकामा आहे. त्याने मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "चाचा, याची किंमत सांगा." पाहतो तर साप! अंगावर पांढरेशुभ्र पट्टे, मध्येच तपकिरी ठिगळे, जणू रंगाऱ्याने अर्धे कापड रंगवून अर्धे विसरावे. आम्ही म्हटले, "बेटा, आम्हाला साडीची किंमत विचार." तेव्हा कळले की कोणीतरी त्याला बँकॉकचे जाण्यायेण्याचे तिकीट, हॉटेल आणि वर रोख रक्कम देऊ केली आहे. काम एवढेच की येताना एक बॅग आणायची. बॅगेत हीच रंगीत पिल्ले. "दोन वर्षांत आपणही जोडी ठेवू, घरीच पैदास करू," असाही बेत त्याने मांडला.

आम्ही त्याला लगेच नाही म्हटले नाही. जो धंदा आपल्याला ठाऊक नाही त्याला नुसते वाईट म्हणण्यात अर्थ नसतो. चार महिने वाचले, विचारले, आणि जे हाती आले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवतो. नमुन्याचा धंदा आम्ही तीस वर्षे करतो. हाही नमुन्याचाच धंदा निघाला.

या सापाला बॉल पायथन म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांतला हा लहान जातीचा अजगर, तीन ते पाच फुटांचा, बिनविषारी. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. बेनिनच्या विदा गावात याचे देवालय आहे आणि तिथे लोक त्याला मारत नाहीत. पण शेजारच्याच टोगोची राजधानी लोमे येथून याची पिल्ले पेट्या भरभरून अमेरिकेला आणि युरोपला जात आली. पोटात अंडी असलेल्या माद्या शेतांतून धरून आणायच्या, अंडी घेऊन उबवायची, पिल्ले निर्यात करायची, अशी तिथली रीत. साधा तपकिरी-काळा साप स्वस्तात मिळे. मात्र हजारांत एखादा विचित्र रंगाचा निघे, आणि त्याच्यावर उड्या पडत.

खरा धंदा अमेरिकेत उभा राहिला. ओक्लाहोमाच्या बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये बंदिवासात पहिला अल्बिनो बॉल पायथन जन्माला आणला. अल्बिनो म्हणजे अंगात काळा रंगच नाही. पिवळा-पांढरा साप, लाल डोळे. १९९७ मध्ये पीटर काल यांनी पांढऱ्या ठिगळांचा पायबाल्ड हा वाण पैदाशीने सिद्ध केला. मुलाच्या मोबाईलमधला तो हाच. १९९९ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या केविन मॅक्कर्ली यांनी स्पायडर आणला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांचा. मग दरवर्षी नवे नाव. आपल्याकडे साडीला सिनेमाचे नाव देतात, तसेच तिथे पेस्टल, मोहावे, क्लाउन, बनाना, बंबलबी. बंबलबी म्हणजे पेस्टल आणि स्पायडरची जोड. मोहावे आणि लेसर हे दोन तपकिरी वाण एकत्र केले तर काही पिल्ले दुधासारखी पांढरी आणि निळ्या डोळ्यांची निघतात. तपकिरी ताणा, तपकिरी बाणा आणि कापड पांढरे! विणकराला हे कोणी सांगितले असते तर त्याने हसून उडवले असते.

यामागचा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. काही रंग उघडे असतात. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पिल्लाच्या अंगावर दिसतो. पेस्टल तसा. काही रंग झाकलेले असतात. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. अल्बिनो आणि पायबाल्ड तसे. अल्बिनोची साध्याशी जोड लावली तर सगळी पिल्ले साधी दिसतात, पण प्रत्येकाच्या रक्तात तो रंग दडलेला असतो. अशा पिल्लाला या बाजारात हेट म्हणतात. दोन हेट एकत्र केले तर सरासरी चारांत एक अल्बिनो निघतो. उरलेली तीन साधी दिसतात. त्यांतली दोन हेट, एक निव्वळ साधे. कोणते कोणते, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून ती तिन्ही "६६ टक्के हेट" या नावाने विकली जातात.

आता विचार करा. दिसायला बाजारातल्या स्वस्त सापासारखाच साप, आणि त्याचे दाम कितीतरी पट. खरेदीदार कशाचे पैसे देतो? विकणाऱ्याच्या जबानीचे. तीन वर्षे मादी पोसायची, जोड लावायची, अंडी उबवायची, आणि सगळी पिल्ले साधीच निघाली तर? विकणारा म्हणतो, नशीब. सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघणे खरोखरच शक्य असते, त्यामुळे खोटे पकडताही येत नाही. आपल्याकडे कापडात पॉलिएस्टर आहे की नुसते सूत हे धागा जाळून कळते. इथे जाळायला धागाच नव्हता.

तो आता मिळाला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून सापांच्या काती मागवल्या आणि त्यांवरून अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो व अल्ट्रामेल या तीन रंगांचे मूळ शोधले. तिन्ही रंगांत वेगवेगळे जीन बिघडलेले निघाले. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी पायबाल्डचाही जीन दाखवला. आता टाकलेल्या कातीच्या तुकड्यावरून काही रंगांपुरता हेट खरा की खोटा हे तपासून मिळते. इमानदार पैदासदाराला याची भीती नाही. उलट त्याचा माल पक्का ठरतो.

भावाची गोष्ट मात्र तपासणीने सुटत नाही. आमच्या मुलाचा सगळा बेत इथेच कोलमडला. उघड्या रंगाचा एक नर घ्या. तो दीड वर्षात जोडीला तयार होतो आणि एका मोसमात पाच माद्यांना पुरतो. मादी वर्षाला एकदाच, सरासरी सहाएक अंडी घालते. म्हणजे तीस पिल्ले, त्यांत पंधरा रंगीत, त्या पंधरांत सात-आठ नर. ते सात-आठ नर सात-आठ गिऱ्हाइकांच्या घरी जातात आणि प्रत्येक घरी पुन्हा पंधरा. शिवाय बाप अजून जिवंत आहे! हा प्राणी तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेच्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका मादीने २०२० मध्ये साठी ओलांडल्यावर, नर जवळ नसताना, सात अंडी घातली होती.

आम्ही साडीचा नमुना विकतो तेव्हा गिऱ्हाईक साडी नेते, माग आमच्याकडेच राहतो. नकल करणाऱ्यालाही पत्ते पाडावे लागतात, माग लावावा लागतो. इथे गिऱ्हाईक साप नेते तेव्हा मागही घेऊन जाते. जो आज खरेदीदार तोच परवा तुमच्यासमोर दुकान मांडतो, तोच माल घेऊन. म्हणून भाव पडतात आणि पडतच राहतात. बनाना हा पिवळ्या ठिपक्यांचा वाण सुरुवातीला दहा हजार डॉलरच्या वर विकला जात होता. आज साधा बनाना शंभर-सव्वाशे डॉलरला मिळतो. पायबाल्डचेही तसेच, आज तो काही शे डॉलरचा माल आहे. झाकलेल्या रंगात तर आणखी पेच आहे. आज अल्बिनो नर घेतला, साध्या माद्यांना लावला, हेट मुली झाल्या, त्या तीन वर्षांनी मोठ्या झाल्या, मग बापाशी जोडल्या तेव्हा कुठे निम्मी पिल्ले अल्बिनो. खरेदीपासून पहिला रंगीत माल हाती यायला चार वर्षे, आणि तोवर भाव कोठे गेलेला असेल? मधल्या काळात उंदीर, विजेचा उबारा, पेट्या आणि डॉक्टर यांचा खर्च थांबत नाही. या बाजारात पैसा त्यांनीच कमावला ज्यांच्या हाती रंग पहिला आला. आमच्या बाजाराचा अनुभवही वेगळा नाही, फक्त तिथे उतार जास्त खडा आहे.

बोआचा धंदा थोडा सावकाश चालतो. हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला मोठा साप. अंडी न घालता पिल्लेच देतो, एका वेळी वीस-पंचवीस सुद्धा. यात अल्बिनोची दोन घराणी आहेत, एक काल यांचे आणि एक शार्प यांचे. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाचा अल्बिनो दुसऱ्याच्या अल्बिनोशी जोडला तर एकही पिल्लू अल्बिनो निघत नाही, कारण बिघाड वेगवेगळ्या जागी आहे. म्हणून घराण्याचे नाव न विचारता घेतलेला बोआ फसवतो. शिवाय बोआत एक विषाणूचा रोग असतो. लागण झालेला साप कित्येक महिने, कधी वर्षेही, ठणठणीत दिसतो आणि सगळ्या खोलीला लागण देतो.

आता ऐबाविषयी. स्पायडर वाणाचे डोके डुगडुगते. काही थोडे, काही इतके की भक्ष्यावर झेप घेताना चुकतात, उलटे पडतात. वर्षानुवर्षे काही विक्रेते सांगत राहिले की ही पाळण्यातली चूक आहे. २०२२ मध्ये जर्मनीच्या पशुवैद्यांनी स्कॅन करून दाखवले की या सापांच्या आतल्या कानाची घडणच वेडीवाकडी असते. म्हणजे जो जीन नक्षी देतो त्याच्याबरोबरच तोल जातो. नक्षी ठेवून ऐब काढता येत नाही. डेझर्ट नावाच्या वाणात तर मोठ्या किमती मोजून माद्या घेतल्यानंतर उघड झाले की त्यांना पिल्लेच होत नाहीत. कापडात ऐब असला तर गाठ सोडवतो, डाग काढतो, नाही तर तुकड्याच्या भावात विकतो. जिवंत मालाच्या ऐबाचे दुःख तो मालच भोगतो, आणि तो तीस वर्षे जगतो. आमच्या मते हा माल ऐब सांगूनही विकू नये. तिकडचे काही पैदासदारही आता तेच म्हणतात आणि त्यांनी स्पायडर बंद केला आहे.

राहिला आपल्याकडचा प्रश्न. जुलै २०२३ मध्ये तिरुचिरापल्ली विमानतळावर क्वालालंपूरहून आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत ४७ अजगर आणि २ सरडे निघाले. सप्टेंबरमध्ये बंगळूरला बँकॉकहून आलेल्या बॅगेत ५५ बॉल पायथन, १७ नागराज आणि ६ मेलेली माकडे. डिसेंबरमध्ये आपल्या मुंबईत बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत ९ बॉल पायथन व २ कॉर्न स्नेक. पकडला जातो तो बॅगवाला. माल मागवणारा बहुधा विमानतळावर नसतोच, आणि बॅगवाल्याला त्याचे खरे नावही ठाऊक नसते. जिवंत परदेशी प्राणी आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि आरोग्याची कागदपत्रे लागतात; हे नसले तर कस्टमचा गुन्हा. वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून बॉल पायथन आणि बोआ दोन्ही त्या कायद्याखाली नोंदणीला बांधले गेले. आपल्या रानातला अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची खरेदी-विक्री कोणत्याही रंगात गुन्हा आहे.

हे सगळे आम्ही त्या मुलापुढे मांडले. पंधरा पिल्लांचा हिशेब त्याने स्वतः कागदावर केला आणि तिसऱ्या वर्षापाशी थांबला. मग विचारले, "चाचा, आणि नुसती बॅग?" आम्ही म्हटले, "बेटा, नफा ज्याचा आहे तो स्वतः का जात नाही, हे त्याला विचार." त्याने विचारले. उत्तर आले नाही, दुसऱ्या दिवसापासून तो नंबरच बंद झाला. मुलगा सध्या आमच्या गाळ्यावर पार्सलचे काम पाहतो. पगार थोडा आहे, आणि तो तसे बोलूनही दाखवतो.

आपल्या ओळखीत कोणी हौसेने असा साप आधीच घेतला असेल तर त्याने घाबरून खाडीत किंवा शेतात सोडू नये. इथला पावसाळा आणि इथले उंदीर-घुशी त्याला जगवतील की मारतील हा एक प्रश्न, आणि त्याच्या अंगातला रोग आपल्या सापांना लागेल हा दुसरा. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम निघाले, तेव्हा जुन्या प्राण्यांच्या नोंदणीला सहा महिने दिले होते. नवा प्राणी ताब्यात आला तर तीस दिवस. नोंदणी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर होते. मुदत गेली असेल तर खरेदीची पावती, विकणाऱ्याचा पत्ता जे असेल ते घेऊन वकिलाला सोबत घ्यावे आणि वन विभागाच्या कार्यालयात जावे. पावती नसेल तर तीही गोष्ट तिथे खरी सांगावी.