पायाखालची माती – भाग ७ : जिवाणूंच्या पंगतीतून उरलेलं नत्र

मागच्या भागात आपण उकिरड्यापाशी थांबलो होतो. वर्षभर तिथं मुरलेलं शेणखत वैशाखात गाढी नदीच्या काठच्या खाचरांत जातं आणि पनवेलच्या शिवारात त्याचे लहान लहान ढीग दिसू लागतात. त्या ढिगातलं नत्र भाताच्या मुळाशी कसं पोहोचतं, ते आज पाहू.

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनामागे पाच किलो असतं. त्यातलं बहुतेक सेंद्रिय रेणूंत अडकलेलं असतं. भाताला ते हवं अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात. ही मोडतोड मातीतले जिवाणू आणि बुरश्या करतात, तीही स्वतःच्या पोटासाठी. त्यांच्या पंगतीतून उरेल तेवढंच पिकाच्या वाट्याला येतं.

या पंगतीचा हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम वाळला पेंढा घ्या. त्यात कर्ब चाळीस ग्रॅमच्या आसपास. त्यातला सुमारे एक तृतीयांश, म्हणजे तेरा ग्रॅम, जिवाणू अंगी लावतात आणि बाकीचा श्वासावाटे हवेत सोडतात. त्यांच्या शरीरात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं. म्हणजे तेरा ग्रॅम कर्बाला दीड ग्रॅमहून थोडं जास्त नत्र हवं. पेंढ्यात असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. तूट ते मातीतून भरून काढतात. म्हणून कच्चा पेंढा गाडून लगेच लावणी केली, की रोप पिवळं पडतं.

आता बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला घ्या. शंभर ग्रॅम वाळल्या पाल्यात नत्र तीन ग्रॅमच्या आसपास. जिवाणूंचं भागून जवळजवळ निम्मं उरतं आणि काही आठवड्यांत मोकळं होतं. मुरलेलं शेणखत या दोहोंच्या मधलं. त्यातला मऊ भाग उकिरड्यातच खाल्ला गेलेला असतो, म्हणून पहिल्या हंगामात त्यातलं फार तर एक तृतीयांश नत्र सुटतं. हेक्टरी दहा टन खतात पन्नास किलो नत्र असलं, तरी यंदाच्या भाताला पंधरा-सोळा किलोच मिळेल. बाकीचं पुढच्या वर्षांसाठी मातीत राहतं.

वेळेचं महत्त्व इथंच कळतं. एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर दाखवून दिलं, की कोरडी झालेली माती भिजली की कुजण्याचा वेग एकदम उसळतो. उन्हात मेलेले जिवाणू हेच वाचलेल्यांचं पहिलं अन्न ठरतं. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरींनंतर हेच घडतं. पण तेव्हा बनलेलं नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही. खाचर मोकळंच असलं, तर पुढच्या मुसळधार पावसात ते ओहोळावाटे खाडीला जातं.

चिखलणी करून पाणी बांधलं, की चित्र पालटतं. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू नसतो, त्यामुळे मोडतोड अमोनियमपाशीच थांबते. अमोनियमवर धन प्रभार असल्याने ते चिकणमातीला धरून राहतं. मात्र खाचर मध्येच सुकलं, तर त्याचं नायट्रेट होतं, आणि पुन्हा पाणी भरलं की तेच नायट्रेट वायू होऊन उडून जातं. बांधाला पडलेलं खेकड्याचं बीळ वेळीच बुजवणं म्हणजे नत्र राखणंच आहे.

तेव्हा खताचे ढीग उन्हात पसरून ठेवू नका, अमोनिया उडून जातो. पावसाच्या तोंडावर पसरा आणि लगेच मातीत मिसळा. गिरीपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडा. पेंढा आधी उकिरड्यात मुरू द्या. उकिरड्याची एवढी मेहनत शेणामागे घातलीच आहे, तर त्यातलं नत्र भाताच्या ओंबीपर्यंत गेलं पाहिजे.

पुढच्या भागात खाडीकडे वळू. खारजमिनीतलं मीठ या जिवाणूंनाही जड जातं. खारं पाणी सोसणाऱ्या भाताच्या जाती देणारं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे. तिथून पुढची गोष्ट सुरू करू.