भिंगारचा पाटा आणि राक्षसाची वाट

नगरजवळच्या भिंगारला आमच्या आजीच्या परसात एक पाटा पडून आहे. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी विचारत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा त्याच्यावर चिंचा ठेचत बसला होता. मध्येच थांबून म्हणाला, “मावशी, हा दगड येतो कुठून?”

“जमिनीतून.”

“आणि जमिनीत कुठून आला?”

आली का पंचाईत! “खालून उकळून वर आला,” मी म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. पण दोस्तांनो, ही अगदी खरी गोष्ट आहे.

पाट्याचा दगड म्हणजे बेसॉल्ट. आपण त्याला नुसतंच काळा दगड म्हणतो. जातं त्याचंच, जुन्या वाड्यांची जोती त्याचीच आणि भिंगारच्या वेशीजवळच्या भुईकोट किल्ल्याची तटबंदीही त्याचीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा दगड पातळ होता. उकळत्या पिठल्यासारखा. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वर आला नि पसरला. निवला की त्याच्यावर पुढचा थर. असे थरांवर थर. तेव्हा आपला देश आशियाला चिकटलेलाही नव्हता. विषुववृत्ताच्या खाली, समुद्रात एकटाच उत्तरेकडे सरकत होता.

पाथर्डी रस्त्याने चांदबिबीच्या महालाकडे निघालात की समोरच्या डोंगराकडे नीट बघा. त्याला पायऱ्या पायऱ्या दिसतील. थरांची कडा कुठे झिजली, कुठे टिकली, त्याच्या त्या पायऱ्या. या दगडी प्रदेशाला शास्त्रज्ञ ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. स्वीडनकडच्या भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून तो आला.

आता या पाट्याचा एक लांबचा भाऊ दाखवते. तो राहतो आयर्लंड बेटाच्या उत्तर टोकाला, अँट्रिमच्या किनाऱ्यावर. दगड तोच, बेसॉल्ट. वय सुमारे सहा कोटी, म्हणजे आपल्यापेक्षा धाकटा. पण रूप बघाल तर थक्क व्हाल. समुद्रकाठी दगडाचे सुमारे 40,000 खांब एकमेकांना खेटून उभे आहेत, बहुतेक सहा कोनांचे. एकेक फूट-दीड फूट रुंद. काही तर तीनमजली घराएवढे उंच, काही इतके बुटके की त्यांच्या माथ्यांवर पाय टाकत थेट लाटांपर्यंत जाता येतं. वरून बघितलं तर कुणी फरशी बसवलीय असंच वाटावं. 1986 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तिथले लोक या जागेला राक्षसाची वाट म्हणतात. फिन मॅककूल नावाचा एक महाकाय गडी होता म्हणे. समुद्रापलीकडे स्कॉटलंडमध्ये दुसरा एक राक्षस होता, त्याच्याशी याचं वाजलं. भांडायला जायचं तर पाय भिजणार, म्हणून फिनने दगड रोवत रोवत समुद्रात रस्ताच बांधला. पण पलीकडचा गडी जवळून बघितला तर हा एवढा थोरला! फिन घाबरून घरी पळाला. बायको मात्र हुशार. तिने नवऱ्याला टोपडं घातलं, पाळण्यात निजवलं, वर दुपटं टाकलं. स्कॉटलंडचा राक्षस दारात आला आणि पाळण्यातलं ते ‘तान्हं बाळ’ बघून त्याची बोबडी वळली. बाळ एवढं, तर बाप केवढा असेल! तो जो पळत सुटला, तो मागचा रस्ता उखडत उखडतच गेला.

गंमत म्हणजे, पलीकडे स्कॉटलंडच्या स्टॅफा बेटावरही असेच खांब आहेत. गोष्ट रचणाऱ्याने डोळे उघडे ठेवले होते! आपल्याकडे असते तर पांडवांनी एका रात्रीत उभे केले, असंच आपण म्हटलं असतं.

मग सहा कोन पाडले कुणी? उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ आठवा. पाणी उडून जातं, चिखल आकसतो. पण खालचा चिखल त्याला धरून ठेवतो. दोघांची ओढाताण होते आणि चिखल तडकतो. लाव्हाचंही तसंच, फक्त तो वाळत नाही, निवतो. निवताना आकसतो आणि तडकतो. तडा वरून सुरू होतो आणि आतला भाग निवत जाईल तसा खाली खाली उतरतो. कमीत कमी तडे जाऊन जास्तीत जास्त ताण सुटायचा, तर एका बिंदूतून तीन तडे फुटलेले बरे पडतात. त्यातूनच षटकोन तयार होतात. तुमच्या रंगीत खडूंच्या डबीतही गोल खडू ठेवले तर मध्ये फटी राहतात. षटकोनांत फट राहत नाही. चांदबिबी महाल म्हणतात ती खरं तर सलाबतखानाची कबर, ती अष्टकोनी आहे. माणसाला आठ कोनांची हौस. दगडाला ती परवडत नाही! तरी कुठे कुठे पाच नि सात बाजूंचे खांब निघतातच. लाव्हाकडे कंपासपेटी नव्हती.

एवढे सुबक खांब सगळीकडे पडत नाहीत. त्यासाठी लाव्हा जाड साचावा लागतो आणि संथ, एकसारखा निवावा लागतो. अँट्रिमला तो एका नदीच्या दरीत साचला होता. पण म्हणून आपल्याकडे खांब नाहीतच असं नाही. मुंबईत अंधेरीला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभी आहे. सुमारे 200 फूट उंच, सरळसोट खांबांची. कोल्हापूर जिल्ह्यात बांदिवड्यालाही असे खांब आहेत.

आयर्लंडचा दगड भिंगारला आला नाही, पण तिकडचा एक माणूस मात्र येऊन गेला. डब्लिनमध्ये जन्मलेला आर्थर वेलस्ली. ऑगस्ट 1803 मध्ये त्याने आधी नगरचं शहर आणि मग 12 तारखेला तो भुईकोट किल्ला शिंद्यांकडून घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये त्याचं स्मारक आहे, दगडी सुळक्यासारखं. त्यावर हिंदुस्थानातल्या लढायांचं ब्राँझचं चित्रही आहे. स्मारक बांधून पूर्ण व्हायला 1861 साल उजाडलं. उंची साधारण आपल्या गिल्बर्ट हिलएवढी.

आता असेच खांब घरी करून बघा. कॉर्नफ्लोअर आणि पाणी सारख्या मापाने घ्या, कालवा आणि जाडसर कपात ओता. मोठ्या माणसाला सांगून कपावर तापणारा पिवळा दिवा लावा आणि आठवडाभर थांबा. वर मोठे तडे दिसतील, पण खरी गंमत आत आहे. गठ्ठा हलक्या हाताने फोडला की काड्यांएवढे खांब शेजारी शेजारी उभे दिसतील. भाच्याने फोडताना खाली काही अंथरलं नव्हतं, त्यामुळे आजीची ओसरी पांढरीशुभ्र झाली. तुम्ही वर्तमानपत्र अंथरा.