काडेपेटीच्या छापावरून काळ कसा ओळखावा?

जुनी नाणी व पोस्टाची तिकिटे जमविणारे पुष्कळ आढळतात. काडेपेटीवरील चित्रे, ज्यांना आपण ‘छाप’ म्हणतो, ती जपणारे त्या मानाने थोडे. वास्तविक नाणी साठली ती चार पैसे असलेल्या घरांत. काडेपेटी मात्र गरिबातल्या गरीब चुलीपर्यंत पोहोचली. ज्या घरात कागदपत्र म्हणून काही नाही, त्या घराचा एखादा छापील पुरावा मिळालाच तर तो हाच.

निरनिराळ्या काळांतील छापांची तुलना करताना बहुतेकजण चित्राकडे पाहतात आणि तेथेच फसतात. एकदा खपलेला छाप व्यापारी सहसा सोडत नाही. जहाज, वाघ, देवदेवता पुन्हापुन्हा छापल्या जातात. काळ सांगतात ती चित्राभोवतालची बारीक अक्षरे आणि प्रत्यक्ष पेटी.

पूर्वी आपल्याकडे विस्तव राखेखाली जपून ठेवीत. विझला तर शेजारून मागून आणीत. विसाव्या शतकाच्या आरंभी काडेपेट्या मुख्यतः स्वीडन व जपान या देशांतून येत. गिऱ्हाईक हिंदी, म्हणून चित्रे आपल्या देवादिकांची. अक्षरे मात्र ‘मेड इन स्वीडन’ किंवा ‘मेड इन जपान’. चित्र पाहून ही पेटी देशी ठरविणारा चुकलाच म्हणून समजावे.

1922 साली सरकारने आयात काडेपेट्यांवरील जकात दर ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपया केली. बाहेरून माल आणणे परवडेना, तेव्हा स्वीडिश भांडवलाने 1923 मध्ये ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ म्हणजेच विम्को स्थापन केली व आपल्या अंबरनाथला कारखाना घातला. तेव्हा ‘मेड इन इंडिया’ ही अक्षरे कारखान्याची जागा सांगतात, मालकी नव्हे. त्याच सुमारास शिवकाशीच्या अय्या नाडर व षण्मुग नाडर यांनी कलकत्त्यास जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि गावी परतून हा धंदा उभारला. आज या धंद्याचे मुख्य ठिकाण तोच भाग आहे.

यापुढील काळासाठी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. 1934 साली काडेपेटीवर अबकारी कर बसला. कर भरल्याची कागदी पट्टी पेटीवर दिसली तर ती त्यानंतरची. किंमत ‘नये पैसे’ अशी असेल तर छाप 1957 ते 1964 या काळातला. पत्त्यात मद्रास राज्याऐवजी तामिळनाडू असेल तर साधारण 1969 नंतरचा, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 नंतरचा. जुनी पेटी पातळ लाकडी पापुद्र्याची व तिच्यावर छाप निराळा चिकटविलेला. पुढे पुठ्ठ्याची पेटी आली आणि चित्र थेट पुठ्ठ्यावरच छापले जाऊ लागले. किंमतही बोलते: 2007 साली पन्नास पैशांची पेटी एक रुपयाची झाली, आणि 1 डिसेंबर 2021 पासून दोन रुपयांची.

एवढे वाचूनही एक गोष्ट कोणताच छाप सांगत नाही. काड्या भरणारे, पेट्या चिकटविणारे हात कोणाचे, हे त्यावर कधीच छापले गेले नाही. 1986 च्या बालकामगार कायद्याने काडेपेट्यांच्या निर्मितीत मुलांना कामास लावण्यास बंदी केली. अशी बंदी घालावी लागली, यातच काय ते आले. म्हणून दोन काळांतील छापांची तुलना करताना रंग कोणता सुरेख एवढेच न पाहता, ही पेटी कोणी केली, कोणाला विकली आणि कर कोणी घेतला, हेही विचारावे.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या आमच्या गावांत चार महिन्यांच्या पावसात काडी पेटेनाशी होते, तेथे कागद काय टिकणार? तरीही माळ्यावर, जुन्या पत्र्याच्या पेटीत, चुलीवरल्या कोनाड्यात एखादी पेटी सापडते. ती सापडल्यास छाप भिजवून सोडवू नये. पेटीचे लाकूड व करपट्टी हाही पुरावाच आहे. ती आहे तशी कोरड्या डब्यात ठेवावी, आणि कोणाच्या घरची, कोठे सापडली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. ती चिठ्ठी नसेल तर पेटीचा काळ कळेल, पण घर कळणार नाही.