विचारा, पारखा, मग ठरवा

मुलांनो, समजा, तुमच्या दादीला अंधूक दिसू लागले. शेजारी म्हणतात, “मोतीबिंदू असेल. अजून पिकू द्या.” दुकानदार म्हणतो, “हे थेंब घाला, महिन्यात नजर साफ होईल.” कोणी मोबाईलवर डोळ्यात मध घालण्याचा उपाय पाठवतो. आता कोणाचे खरे मानावे?

प्रथम रोग समजून घेऊ. आपल्या डोळ्यात एक पारदर्शक भिंग असते. वय वाढले की ते हळूहळू धुरकट होऊ लागते. यालाच मराठीत मोतीबिंदू आणि उर्दूत मोतिया म्हणतात. थेंबांनी किंवा मधाने हे भिंग पुन्हा स्वच्छ होत नाही. ते शस्त्रक्रियेने काढून तेथे कृत्रिम भिंग बसवतात. असे भिंग प्रथम १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी बसवले. पूर्वी मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत असत. आता तशी गरज नसते. म्हणजे शेजाऱ्यांचा सल्ला खोटा नव्हता, तो जुना झाला होता!

म्हणून माहिती मिळाली की तीन गोष्टी पाहा. सांगणाऱ्याला त्या विषयाचे शिक्षण आहे का? त्यात त्याचा काही फायदा आहे का? माहिती केव्हाची आहे? थेंब विकणाऱ्याचा सल्ला दुसऱ्या कसोटीवरच संशयास्पद ठरतो.

मग दादीला नेत्रतज्ज्ञांकडे न्या. जाण्यापूर्वी प्रश्न कागदावर लिहा. अंधूक दिसण्याचे कारण मोतीबिंदूच आहे का? शस्त्रक्रिया आता केली तर काय फायदा? धोके कोणते? थोडे थांबलो तर चालेल का? खर्च किती? सरकारी रुग्णालयात सोय आहे का? उत्तरे तेथेच लिहून घ्या आणि घरी दादीला तिच्या भाषेत समजावून सांगा.

डॉक्टरांना प्रश्न विचारणे ही बेअदबी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात सांगितले आहे की, डॉक्टरांनी उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि धोके समजावून मगच रुग्णाची संमती घ्यावी.

मुलांनो, एक गोष्ट विसरू नका. डोळे दादीचे आहेत. शिवणकामाची सुई तिला ओवायची आहे, कुराणशरीफ तिला वाचायचे आहे. म्हणून शेवटचा निर्णयही तिचाच. तुमचे काम एवढेच, की तो निर्णय खऱ्या माहितीवर व्हावा.