मोटारीचा श्वास : शोषणनळ्यांची निवड

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. परंतु वजनाचा हिशेब केला, तर तिला पेट्रोलहून हवाच कितीतरी अधिक लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा खर्ची पडते. ही हवा निरनिराळ्या सिलिंडरांना वाटून देणारा जो नळ्यांचा जुडगा एंजिनाला जोडलेला असतो, त्यास मॅनिफोल्ड असे म्हणतात. त्यातील एकेका फाट्यास आपण शोषणनळी म्हणू.

ज्या एंजिनात हवा कोंबण्यासाठी पंखा किंवा पंप नसतो, त्याचा श्वास नैसर्गिक होय. दट्ट्या खाली सरकतो, सिलिंडरात दाब कमी होतो आणि बाहेरील वातावरण हवेला आत लोटते. अर्थात अशा एंजिनाचे बळ भोवतालच्या हवेच्या घनतेवर अवलंबून राहते. रायपूरनजीकचे बीरगांव समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. तेथे वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला, म्हणजे समुद्रकाठच्या १५ अंश तपमानाच्या हवेच्या मानाने तेथील हवा सुमारे एक-अष्टमांशाने विरळ होते. ही तूट कोणताही मॅनिफोल्ड भरून काढू शकत नाही. जी हवा मिळते तिचा पुरेपूर उपयोग करणे, एवढेच त्याच्या हाती असते.

हा उपयोग तो कसा करितो? शोषणाची झडप उघडताच नळीत विरळ दाबाची एक लाट उठते. ती ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे ३५० मीटर, नळीच्या मोकळ्या तोंडाकडे धावते व तेथून दाट दाबाची लाट होऊन परतते. झडप मिटण्यापूर्वी नेमकी ती परतली, तर मूठभर अधिक हवा आत ढकलली जाते. नळी ४० सेंटिमीटर लांब असेल, तर या फेरीस एका सेकंदाचा सुमारे ४३५वा भाग लागतो. मिनिटास ५,००० फेरे घेणाऱ्या एंजिनाचा दांडा तेवढ्यात सुमारे ६९ अंश फिरतो. फेरे निम्मे केले, तर तेवढ्याच अंशांस दुप्पट वेळ लागेल. लाटेला दुप्पट वाट चालावी लागेल. म्हणून संथ फेऱ्यांना लांब नळी मानवते, तर जलद फेऱ्यांना आखूड.

नळीच्या रुंदीचीही गोष्ट अशीच आहे. व्यास ३० मिलिमीटरांवरून ३६ केला, तर छेदाचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते आणि तितकीच हवा जाताना तिचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जलद फेऱ्यांत ही ऐसपैस वाट उपकारक ठरते. संथ फेऱ्यांत मात्र हवेचा जोर सरतो आणि कार्बुरेटरातून आलेले पेट्रोलाचे थेंब नळीच्या भिंतीस चिकटून राहतात. एंजिन अडखळते ते यामुळे.

क्राइस्लर कंपनीच्या १९६० सालच्या '३००-एफ' मोटारीने ही देवघेव स्पष्ट दाखविली. तिच्या नेहमीच्या एंजिनाच्या शोषणनळ्या ३० इंच लांब होत्या. शक्ती ३७५ अश्वशक्ती. नळ्यांमधील आतील भिंतींचा काही भाग काढून त्यांची परिणामी लांबी १५ इंच केली, तेव्हा शक्ती ४०० वर गेली. परंतु फिरविण्याचे सर्वाधिक बळ पूर्वी २,८०० फेऱ्यांवर मिळे, ते आता ३,६०० फेऱ्यांवर मिळू लागले आणि त्याचे मानही घटले. माथ्यावर जे मिळाले, त्याची किंमत पायथ्याशी मोजावी लागली.

तेव्हा रोजचा रस्ता आणि पाव मैलाची शर्यत, या दोहोंस एकच गाडी वापरणाऱ्याने काय करावे? प्रथम आपले एंजिन कोणत्या फेऱ्यांत वावरते, ते पाहावे. बीरगांव-उरल्याच्या कारखान्यांच्या वाटेवर ते बहुधा २,००० ते ३,५०० च्या दरम्यान फिरते. भरलेल्या मालमोटारीस मागे टाकताना याच टप्प्यात बळ हवे असते. ते ऐन वेळी न मिळणे प्राणावर बेतू शकते. शर्यतीतही सर्वोच्च शक्तीचा आकडा एकटा पुरत नाही. ६,००० फेऱ्यांवर गिअर बदलला आणि गिअरांतील अंतर एक-तृतीयांश असले, तर एंजिन ४,००० वर उतरते. म्हणजे या संपूर्ण पट्ट्यात सरासरी बळ चांगले हवे. शिवाय कॅमदांडा, झडपा व धुराड्याची वाट जुनीच ठेवून नुसता मोठा मॅनिफोल्ड बसविणे म्हणजे अरुंद दारास रुंद ओटा बांधणे होय.

यास्तव दोन्ही कामांच्या गाडीस मध्यम लांबीच्या, बेताच्या व्यासाच्या नळ्याच श्रेयस्कर. शेवटच्या चार-दोन अश्वशक्तींचा मोह सोडल्यास रोजचा प्रवास सुखाचा होतो. बदल करण्यापूर्वी व केल्यानंतर गाडी डायनॅमोमीटरवर तपासावी. कानास भासणारा आवाज म्हणजे शक्ती नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८९ अन्वये सार्वजनिक रस्त्यावर राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे गुन्हा आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर अशा शर्यती भरल्या आहेत. वेगाची परीक्षा तशाच बंदिस्त जागी व्हावी.

निवडीचे सूत्र थोडक्यात असे : मॅनिफोल्ड मोठा की लहान, हे विचारू नये, एंजिनाचा अधिकात अधिक काळ ज्या फेऱ्यांत जातो, त्या फेऱ्यांस तो अनुरूप आहे काय, हे विचारावे.