नाव, पत्ता आणि एक अडसर

अहेरीतल्या बारावीच्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करा. प्राणहितेच्या पुरावर टिपण लिहायचे म्हणून तो संगणकावर ब्राउझर उघडतो. मध्येच सहज व्हिडिओंच्या संकेतस्थळावर जातो आणि पाऊण तास निघून जातो. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. पण अभ्यास आणि करमणूक यांतले अंतर तिथे फक्त एका क्लिकचे असते. हे अंतर वाढवता येईल का?

त्यासाठी संकेतस्थळ कसे उघडते ते पाहू. आपण अक्षरी नाव टाइप करतो. संगणकाला मात्र आकडी पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस ही यंत्रणा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्यातील संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत ठेवले जात. टेलिफोन डिरेक्टरीच म्हणा ना! त्या यादीचा वारसा 'होस्ट्स' नावाच्या छोट्या फाइलच्या रूपाने आजही आपल्या संगणकात आहे. बाहेर चौकशी करण्यापूर्वी संगणक साधारणपणे ही फाइल पाहतो.

या फाइलमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता (इंग्रजी आकड्यांत) आणि त्यापुढे नको असलेल्या संकेतस्थळाचे नाव लिहायचे. हा पत्ता म्हणजे 'हाच संगणक'. मग ब्राउझर ते स्थळ स्वतःच्याच घरात शोधतो, तिथे ते सापडत नाही आणि पान उघडत नाही. फाइल बदलायला संगणकाच्या व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. ब्राउझरला जोडायची 'एक्स्टेन्शन्स' हेच काम अधिक सोपेपणाने, ठरावीक वेळेपुरतेही करतात.

लावणाऱ्याला हा अडसर दोन मिनिटांत काढता येतो. मग उपयोग काय? सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले, की काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळल्यास लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो. म्हणजे भटकंतीची किंमत घड्याळातल्या मिनिटांहून जास्त असते. अडसरामुळे इच्छा आणि कृती यांत क्षणभराची फट पडते. 'आपण कशाला बसलो होतो?' हे आठवायला तेवढी फट पुष्कळ झाली.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हेच वेगळ्या रीतीने केले. संध्याकाळी सातला भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. तंत्र अगदी साधे. पण निर्णय गावाने मिळून घेतलेला होता.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांनी एक आठवडा अडसराविना आणि एक आठवडा अडसर लावून अभ्यास करावा. मन किती वेळा भरकटले याच्या खुणा वहीत कराव्यात. कोणती स्थळे अडवायची, ती यादी मात्र विद्यार्थ्यांनीच करावी. दुसऱ्याने लावलेले कुलूप फोडावेसे वाटते. स्वतः लावलेल्या कुलपाची किल्ली माणूस विचार करून वापरतो.