मागची फाईल, पुढचं इंजेक्शन

राहनाळच्या गोदामात राबणाऱ्या माणसाला दम लागला, की आधी जवळचा दवाखाना, मग भिवंडी, आणि व्हेंटिलेटर लागणार म्हटल्यावर ठाणे नाहीतर मुंबई. वाटेत प्रत्येक ठिकाणी काहीतरी टोचलं जातं. त्या इंजेक्शनांची नावं अतिदक्षता विभागात फार मोलाची ठरतात.

श्वासनलिकेत नळी घातल्यावर ४८ तास उलटून होणारा न्यूमोनिया बहुधा रुग्णालयातल्या जिवाणूंचा असतो. नळीमुळे धड खोकता येत नाही आणि घशातला स्राव नळीच्या फुग्याच्या कडेने खाली झिरपतो. आपल्याकडे अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि स्यूडोमोनस यांचा त्यात मोठा वाटा. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात. अत्यवस्थ रुग्णाला तेवढी सवड नसते. म्हणून स्रावाचा नमुना घेऊन पहिला डोस अंदाजानेच सुरू होतो. त्या विभागात सध्या कोणते जिवाणू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हा तक्ता अंदाजाचा एक आधार. रुग्णाची फाईल दुसरा. मागच्या ९० दिवसांत शिरेतून अँटिबायोटिक गेलं असेल, तर चिवट जिवाणूंचा धोका वाढतो, असं २०१६ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

नातेवाइकांना मात्र ‘हायर अँटिबायोटिक’ हवं असतं. ही उतरंडच मला फसवी वाटते. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ मध्ये कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकना न जुमानणारे २४ जिवाणू तपासले, तर त्यांतल्या २२ जिवाणूंत एनडीएम-१ सापडलं. हे विकर त्याच गटातलं मेरोपेनेमसारखं ‘हायर’ औषध फोडून टाकतं, पण जुन्या अ‍ॅझट्रिओनामपुढे त्याचं काही चालत नाही. अ‍ॅझट्रिओनाम फोडणारी दुसरी विकरं त्याच जिवाणूकडे बहुधा असतात. त्यांना अडवायला सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम जोडीला देतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर असेल तर हा डाव फुकट. तिथे अनेकदा कोलिस्टिन काढावं लागतं: मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून १९७०च्या दशकात मागे पडलेलं औषध! ते माणसांसाठी शाबूत राहावं म्हणून भारताने २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांना देण्यावर बंदी घातली.

रिपोर्ट आला की औषध नेमकं करायचं आणि वेळेत थांबवायचं. फ्रान्समधल्या ४०१ रुग्णांवरच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ दिवसांच्या उपचाराने पंधरा दिवसांपेक्षा मृत्यू वाढले नाहीत. आता साधारण सात दिवस पुरेसे मानतात. स्यूडोमोनससारख्या जिवाणूंचा संसर्ग मात्र आठ दिवसांच्या गटात जास्त वेळा उलटला होता, त्यामुळे तिथे डॉक्टर रुग्णाची प्रकृती पाहून दिवस ठरवतात.